मामाच्या मांडीवर

माझ्या आधी आमच्या गावात कुणी नर्स झालं नव्हतं. बाई नाही, आणि गडी तर नाहीच नाही. अंबडच्या पलीकडचं आमचं गाव, कोरडवाहू रानाचं. बारावीनंतर मला शिक्षक व्हायचं होतं, पण डी.एड.ला नंबर लागला नाही आणि औरंगाबादला नर्सिंगला लागला. शिकताना विद्यावेतन मिळतं आणि पुढं नोकरीची आशा असते, एवढं कळल्यावर वडील म्हणाले, "जाय मंग." लोकांची सेवा वगैरे माझ्या मनात तेव्हा काही नव्हतं, हे खरं सांगून टाकतो.

वर्गात बहुतेक मुलीच. आम्ही मोजकी पोरं मागच्या बाकावर. शिकलो मात्र मन लावून, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जालन्यातल्या एका दवाखान्यात लागलो. पुरुष नर्सला दवाखान्यात 'ब्रदर' म्हणतात. गावात त्याला शब्दच नव्हता. आईला कुणी विचारलं, "पोरगा काय करतो?" तर ती "जालन्याला दवाखान्यात हाय" एवढंच सांगायची आणि पाणी आणायला आत निघून जायची. समोरचा माणूस पुढचं आपापल्या मनानं लावून घ्यायचा. मी एकदा तिला विचारलंच, "नर्स हाय म्हणून काहून सांगत न्हाईस?"

"लोक हसतेत, बाबा," ती म्हणाली. "अन् तुझं लगीन व्हायचंय अजून."

सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी पुरुषांच्या वॉर्डात होतो. बैलानं शिंग मारलेले, मोटारसायकलवरून घसरलेले, हर्नियाचं ऑपरेशन झालेले. शेतात राबलेल्या माणसांच्या हातांवरच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या असतात. सलाईन लावायला काही कसब लागत नाही. तिथं माझं बरं चाललं होतं. फक्त लोकांना मी नेमका कोण ते उमगायचं नाही. स्ट्रेचर ओढायचं असलं की मी "ए वॉर्डबॉय", हातात इंजेक्शन दिसलं की "डॉक्टरसाहेब", आणि मी समोर पांढऱ्या कपड्यांत उभा असताना मलाच विचारायचे, "सिस्टर कुठं गेल्या हो?" मीही बोट दाखवून सांगायचो, "येतील आता," आणि त्यांचं काम करून टाकायचो.

मग लहान मुलांच्या वॉर्डातल्या एक सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, दुसऱ्यांची बदली झाली, आणि मेट्रननी मला बोलावलं. मेट्रन म्हणजे साऱ्या नर्सेसच्या वरच्या. त्यांनी वर न बघता सांगितलं, "उद्यापासून तुम्ही मुलांच्या वॉर्डात."

"मॅडम, तिथं बाया असतात."

"मग? लेकरं बायांनाच होतात," त्या म्हणाल्या. विषय संपला.

पहिल्या दिवशी मी इंजेक्शनचा ट्रे घेऊन दारातून आत पाऊल टाकलं आणि वॉर्डभर पदर सरसावले गेले. आया लेकरांना पाजत बसलेल्या. एक म्हातारी उठून अंगावरच आली. "ओ, गडी माणूस! बाहेर व्हा पहिलं!" मी ट्रे घेऊन तसाच व्हरांड्यात उभा राहिलो. वॉर्ड सांभाळणाऱ्या इन्चार्ज सिस्टरनी आतून हाक मारून घेतलं तेव्हा कुठं आत गेलो, तेही भिंतीकडं तोंड करून.

तेवढ्यानं मी खचलो नसतो. खचलो ते त्या आठवड्यात एका बाळाला सलाईन लावायला गेलो तेव्हा. गुबगुबीत इवलासा हात, शीर म्हणून कुठं दिसेना. एकदा टोचलं, नाही लागली. पुन्हा टोचलं. लेकरानं रडून रडून श्वास कोंडून घेतला, आणि त्याच्या आईनं ते माझ्या हातातून ओढून घेतलं. "येत न्हाई तर हात कशाला लावता?" ती म्हणाली. मी ट्रे उचलून मागं सरलो.

त्यानंतर माझे हात ड्युटीवर गार पडायला लागले. उन्हाळा तोंडावर आलेला, आणि माझी बोटं गार. ड्युटीच्या आधी बसस्टँडवर चहा पीत बसायचो, आणि घड्याळ पुढं सरकलं तरी उठायचो नाही. डब्यातली भाकरी तशीच परत न्यायचो. टोचायचं सगळं काम इन्चार्ज सिस्टर करायच्या. मी ताप बघायचो, वजन करायचो, औषधं पाजायचो. मला कुणी काही बोलत नव्हतं, आणि तेच जास्त लागायचं. शिकलेला माणूस आणि वजनकाट्याजवळ उभा.

माझ्या आत्याचे यजमान अंकुशनगरला साखर कारखान्यात होते. एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडं गेलो. गाळपाचे शेवटचे दिवस, उसाच्या बैलगाड्या लागलेल्या, हवेत मळीचा वास. मी भीत भीत नोकरीचा विषय काढला. ते म्हणाले, "उसाच्या वजनकाट्यावर कारकून पाहिजेच हाय. साहेबाच्या कानावर घालतो. ये तू बिनधास्त." परतीच्या एस.टी.त मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मी इन्चार्ज सिस्टरना सांगून टाकलं, "मी नोकरी सोडतोय."

त्या गॉजच्या घड्या घालत होत्या. रिटायरमेंट जवळ आलेली, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, आवाज खडा. वॉर्डात डॉक्टरसुद्धा त्यांना विचारून खुर्ची ओढायचे. मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, "जा की. पण पळून जाऊ नको. लेकराची शीर सापडायला लागली, की मी स्वतः तुला एस.टी.त बसवून देते."

"मला नाही जमायचं ते, सिस्टर."

"हात दे इकडं." त्यांनी माझा हात धरला आणि लगेच सोडला. "बर्फ आहे नुसता. असल्या हातानं कुणी शिवलं तर मीपण रडेन. जा, माझ्या किटलीतल्या गरम पाण्यानं धुऊन ये."

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. दुपारी लेकरं झोपली की त्या मला एकेका खाटेजवळ न्यायच्या आणि डोळे मिटून नुसत्या बोटानं शीर शोधायला लावायच्या. सुई हातात द्यायच्याच नाहीत. लेकराचा हात कोमट फडक्यात गुंडाळून ठेवायचा, घाई करायची नाही, आणि आधी आईला खाली बसवून काय करणार ते सांगायचं. "तिला सांगितलं नाहीस तर ती हात ओढणार. तिचा हात हलला की लेकरू हलणार," त्या म्हणायच्या. वॉर्डात शिरताना दारात थांबून "येऊ का?" विचारायचं, हे मात्र माझं मीच सुरू केलं. पदर नीट करायला बायांना सवड मिळायची आणि मला श्वास घ्यायला.

हळूहळू मोठ्या मुलांना सलाईन लावायला लागलो. तान्ह्यांना हात लावायची हिंमत अजून नव्हती. आत्याच्या यजमानांचा निरोप आला, साहेब हो म्हणाले आहेत, लवकर कळव. मी म्हटलं, महिनाअखेरीस कळवतो.

तोवर उन्हाळा कडक झाला. विहिरींनी तळ गाठले, टँकरच्या पाण्यावर गावं, आणि मुलांच्या वॉर्डात जुलाब-उलट्यांची रीघ लागली. एका खाटेवर दोन-दोन लेकरं, खाली सतरंज्यांवर आणखी. आयांना मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजायला शिकवता शिकवता माझा घसा बसला.

अशा एका दुपारी कुंभार पिंपळगावकडून एक सून आणि तिची सासू लेकराला पदराखाली घेऊन आल्या. सकाळीच निघाल्या होत्या, अंबडला गाडी बदलून पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं. लेकरू काही महिन्यांचं. डोळे आत गेलेले, टाळू खोल, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. रडायचंही त्राण नव्हतं. डॉक्टरांनी बघितलं, "लगेच सलाईन," म्हणाले आणि पलीकडं एका लेकराला आकडी आली होती तिकडं धावले.

इन्चार्ज सिस्टरनी दोन्ही हात बघितले, पाय बघितले. शिरा आटलेल्या. "डोक्यातच लावावी लागेल," त्या म्हणाल्या आणि केस काढायला ब्लेड घेतलं.

तशी सासू पुढं झाली. "ओ बाई, काय करून राह्यलात? खाली ठेवा ते पातं! जावळ काढलं न्हाई अजून आमच्या लेकराचं."

"आजी, एवढेसे केस काढायचेत कानाच्या वर. नाहीतर सुई कुठं लावू?"

"जावळ मामाच्या मांडीवर काढतेत. हितं दवाखान्यात न्हाई. हिला भाऊ न्हाई म्हणून आमी अजून थांबलो. मानलेला मामा बघून राह्यलो. असं कसं कुणीबी पातं लावंल?"

सासू वाईट नव्हती. भेदरलेली होती, आणि भेदरलेलं माणूस ओळखीचं काहीतरी घट्ट धरून ठेवतं. पण लेकराजवळ वेळ नव्हता. सिस्टरचं ब्लेड हातातच. मी लेकराचं डोकं धरायला बाजूला उभा.

सून लेकराच्या उशाशी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. "ह्यांना समदे ब्रदर म्हणून राह्यलेत," ती सासूला म्हणाली, आणि मग मला विचारलं, "ब्रदर म्हंजे काय हो?"

"भाऊ," मी म्हणालो.

"मंग झालं तर. बसा तुमी खाली. घ्या लेकराला मांडीवर."

सासू बाजूला सरली. मी सतरंजीवर मांडी घालून बसलो. तिनं लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं. कोरड्या पानासारखं हलकं. सिस्टरनी कानाच्या वरचे केस अलगद काढले. सासूनं खाली वाकून ते पदराच्या टोकात गोळा केले आणि गाठ मारली. हे सगळं व्हायला कितीसा वेळ लागला असेल. पण त्या बायांनी माझ्यापासून तोंड फिरवलं नव्हतं, हे मला तेवढ्यातही जाणवलं.

लेकराला टेबलावर घेतलं, दुपट्यात गुंडाळलं. सिस्टरनी डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि मला म्हणाल्या, "लाव."

"मी?"

"एवढी बारीक शीर माझ्या डोळ्यांना दिसत नाही आता. बोटानं बघ. हात गरम आहेत ना?"

गरम होते. मी बोट टेकवलं. कानाच्या वर केसाएवढी एक शीर बोटाखाली हलकेच दबून वर आली. फुलपाखरासारखे पंख असलेली ती बारीक सुई मी घेतली, आणि त्या क्षणी मला भीती वाटली की नाही ते खरंच आठवत नाही. नळीत रक्ताचा बारीक ठिपका दिसला एवढं आठवतं. सिस्टर म्हणाल्या, "चिकटपट्टी लाव आता, बघत काय बसलास?"

लेकराला परत सतरंजीवर घेतलं आणि दुपारभर सलाईन ठिबकत राहिलं. मी इतर लेकरांचं बघत होतो, पण दर थोड्या वेळानं त्या सतरंजीजवळ जायचो. सिस्टरनी सांगून ठेवलं होतं: लेकरानं शू केली की समजायचं, पाणी अंगात पोचलं. सासूही मला दर वेळी मान हलवून सांगायची, अजून न्हाई.

ऊन उतरायला लागलं तेव्हा सून म्हणाली, "धरता का जरा? दुपटं झटकून घेते." मी सलाईनची नळी सांभाळत लेकराला पुन्हा मांडीवर घेतलं. त्यानं डोळे उघडले, कपाळाला आठी घातली आणि कुरकुरत रडलं. आणि माझी मांडी एकदम गरम झाली. ओलं पँटमधून खाली सतरंजीपर्यंत गेलं.

"सिस्टर! शू केली!" मी एवढ्यानं ओरडलो की झोपलेली दोन लेकरं जागी झाली. सासू टाळी वाजवून हसायला लागली. "मामाच्या मांडीवर मुतलं हो माझं सोनं!" वॉर्डभर बाया हसल्या. मी लेकराला सासूच्या ओटीत देऊन, तशाच ओल्या पँटनं, पलीकडं डॉक्टरांना सांगायला गेलो. ते त्या आकडीवाल्या लेकराजवळ खुर्चीत मान टाकून बसले होते. माझ्या पँटकडं बघून म्हणाले, "अरे वा. जगलं मग." आणि आम्ही दोघांनीही केवढा तरी श्वास सोडला. छातीवर ठेवलेली पोत्यांची थप्पी कुणीतरी उतरवून घ्यावी, तसं झालं मला.

त्या संध्याकाळी मी डबा पुसून खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात मी मामा झालो. जुन्या बाया घरी जाताना नव्यांना सांगून जायच्या. मी दारात थांबून "येऊ का?" म्हटलं, की आतून कुणीतरी म्हणायचं, "या मामा." पदर सरसावले जायचेच, ते जायलाच हवेत, पण त्यातली घाई गेली होती. सिस्टरनी आठवडाभरानं मला आठवण करून दिली, "शीर सापडायला लागली की रे तुला. एस.टी.त कधी बसवू?"

मी म्हटलं, "बघू, सिस्टर." त्या चष्मा पुसत हसल्या. अंकुशनगरला मी नकार कळवला. आत्याचे यजमान रागावले थोडे. म्हणाले, काट्यावरची नोकरी सोडून लेकरांचं हगणं-मुतणं काढतो, काय म्हणावं ह्याला.

पावसाळा सरल्यावर ती सून आणि तिचा नवरा मला बोलवायला वॉर्डात आले. उरलेलं जावळ काढायचं होतं. लेकरू असं बाळसं धरलेलं, मला ओळखू येईना. मी सुट्टीत घरी जाऊन आईला सांगितलं. सगळी हकिकत तिनं भाकरी थापायची थांबवून ऐकली. मग म्हणाली, "मामाकडून अंगडं-टोपडं न्यावं लागतं. मोकळ्या हातानं जातो काय?" आणि स्वतःच शिवायला बसली.

ती माझ्याबरोबर कुंभार पिंपळगावला आलीसुद्धा. अंगणात पाट मांडला, मला टॉवेल-टोपी दिली, लेकरू मांडीवर ठेवलं. न्हावी काम करत होता आणि लेकरू वस्तऱ्यापेक्षा जास्त माझ्या शर्टाच्या बटणांकडं बघत होतं. बायका आईच्या भोवती बसल्या होत्या. एकीनं विचारलं, "तुमचा पोरगा काय करतो म्हणलात?"

मी मान वर केली नाही. आईचा आवाज तेवढा ऐकला.

"नर्स हाय," आई म्हणाली. "लेकरांच्या वॉर्डात. लई बराबर शीर सापडती त्याला."

घरी येताना गाडीच्या खिडकीतून कपाशीची रानं मागं जात होती, आणि ती पिशवीतले फुटाणे मला देत होती, लहानपणी द्यायची तशी.

हिवाळा लागला आणि वाढवून घेतलेली बाळंतपणाची रजा संपवून त्या सिस्टर परत आल्या. मेट्रननी बोलावून सांगितलं, "झाली तुमची सुटका. जा पुरुषांच्या वॉर्डात." मी म्हणालो, मला इथंच राहू द्या. त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "काही झालंय का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही झालं नाही, मला इथं बरं वाटतं. त्यांना ते पटलं की नाही कुणास ठाऊक. पण राहू दिलं.

सगळी लेकरं वाचली असं नाही. काही हातातच गेली. त्या दिवशी मी वॉर्डाच्या मागं लिंबाखाली जाऊन बसायचो, तोंड धुवायचो आणि परत यायचो, कारण आत बाकीची असायची. ताण गेला असंही नाही; साथीच्या दिवसांत पाय सुजायचे, नातेवाईक तावातावानं बोलायचे. पण बसस्टँडवर मी फक्त चहासाठी थांबायला लागलो, आणि चहा गोड लागायचा. वॉर्डात नव्यानं आलेल्या सिस्टरना मी तान्ह्यांची शीर शोधायला शिकवू लागलो. इन्चार्ज सिस्टर तोवर रिटायर होऊन गावी गेल्या होत्या. त्यांची गरम पाण्याची किटली आम्ही टाकली नाही.

पुढं माझं लग्न झालं, मुलगी झाली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, ती दोन-अडीच वर्षांची असताना, तिला न्यूमोनिया झाला. मीच तिला उचलून वॉर्डात आणलं. ड्युटीवर एक तरुण सिस्टर होती. मी सवयीनं सुई घेतली, रबर बांधलं, मुलीचा हात हातात घेतला. तिनं "बाबा" म्हटलं आणि मला काहीच दिसेना. शीर नाही, हात नाही.

सिस्टरनं माझ्या हातातून सुई काढून घेतली. "तुम्ही बाहेर बसा, मामा."

मी बायकोला आत सोडून व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसलो. इतकी वर्षं त्या दाराच्या आत होतो. बाहेरच्या बाकावर कधी बसलो नव्हतो. शेजारी एक बाई बसली होती, तिचं लेकरू आत होतं. मी साध्या कपड्यांत. तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "पोरगी का पोरगा?"

"पोरगी."

"नका घाबरू," ती म्हणाली. "हितल्या नर्सा लई चांगल्या हायेत. माझ्या लेकराला एकाच टायमात लावली सुई."

मी मान हलवली. आतून मुलीचं रडणं ऐकू आलं, एकदाच, आणि थांबलं. मग सिस्टर दारात आली आणि हसून म्हणाली, "लागली. या आता."

त्या बाईनं माझ्याआधी "चांगलं झालं," म्हटलं आणि सरकून मला उठायला वाट करून दिली.